‘नो कॉस्ट’ ईएमआय : व्याज नाही म्हणता, मग हे ४७८ रुपये कशाचे?

हिशोबी_धरमपेठ

काल तर्री_पोहा यांनी लिहिलं, ‘नो कॉस्ट ईएमआय म्हणजे फुकट वापरायला मिळालेला पैसा. रोख असून जो रोखीने घेतो तो बावळट.’ खाली ढीगभर अंगठे. तेव्हा हे एका बावळटाचं उत्तर, जरा लांबलचक आहे.

तीस हजारांचा फोन, क्रेडिट कार्डावर सहा महिने. हप्ता ५,०००. सहा पाचे तीस, सगळं चोख. आता आत बघा. बँकेचा दर वर्षाला १६ टक्के असेल तर कर्ज मिळतं २८,६४८ रुपयांचं. बाकीचे १,३५२ ‘सवलत’ म्हणून बिलातून आधीच वजा होतात आणि तेच १,३५२ बँक सहा महिन्यांत व्याज म्हणून तुमच्याकडून काढते. म्हणजे व्याज आहेच, सवलतीच्या पदराखाली लपलंय एवढंच. इथवर बेरीज जुळते. पण कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो सवलतीत धरलेला नसतो. पहिल्या महिन्याचं व्याज ३८२, त्यावर कर ६९. पुढे व्याज उतरतं तसा करही उतरतो, सहा महिन्यांचे मिळून २४३. वर प्रोसेसिंग फी १९९, जीएसटी धरून २३५. झाले ४७८. बऱ्याच कार्डांवर ईएमआयच्या खरेदीला पॉइंटही मिळत नाहीत, ते सोडून देऊ.

माल परत केला तर अजून गंमत. परतावा येतो कार्डावर चढलेल्या रकमेचा, म्हणजे २८,६४८. तोवर लागलेलं व्याज, त्यावरचा कर आणि फी सहसा परत येत नाही. लोक मग ‘माझे तीस हजार कुठे गेले’ म्हणून कस्टमर केअरशी भांडत बसतात.

बर्डी_काउंटर

आले हिशोबनीस. अहो, ४७८ रुपयांत सहा महिने तीस हजार वापरायला मिळाले. वर्षाच्या दराने किती पडलं ते का नाही लिहिलं? साडेपाच टक्के. सीताबर्डीवर सोडा, अख्ख्या विदर्भात साडेपाच टक्क्यांनी बिनतारण पैसा कोण देतं ते सांगा. बिशीत आधी उचल घेणाऱ्याला याहून जास्त सोडावं लागतं.

आणि रोखीची सूट दुकानदार खिशात घालतो असं कोणी म्हणेल, तर तेही चूक. मोठ्या मोबाईल ब्रँडची एमओपी, म्हणजे कंपनीने बांधून दिलेला विक्रीचा भाव, ठरलेली असते, त्याखाली विकलं तर कंपनी स्कीमचे पैसे अडकवते. रोखीत शंभर रुपये सोडायलाही वाव नसतो. तिथे सबव्हेन्शन, म्हणजे तुमच्या वतीने भरलेलं व्याज, कंपनीच भरते. अशा मालावर नो कॉस्ट जवळजवळ खरंच नो कॉस्ट आहे.

तर्री_पोहा

धन्यवाद काउंटरभाऊ. माझ्या साळ्याने गेल्या दिवाळीत टीव्ही घेतला, एक रुपया जास्त गेला नाही त्याचा. धरमपेठेत बसून आकडेमोड करणाऱ्यांना बाजार काय कळणार?

हिशोबी_धरमपेठ

साळेबुवांचं कार्डाचं स्टेटमेंट टाका. पहिल्या महिन्याच्या पानावर ‘जीएसटी’ अशी वेगळी ओळ असते, बहुतेक तिथेच एक रुपया सापडेल.

काउंटरभाऊ, फोनचं कबूल. साडेपाच टक्के महाग नाही, एमओपीचंही बरोबर. पण एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन? तिथे रोखीत भाव तुटतो हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? खरा मार तिथे बसतो.

४२,००० चा एसी, फायनान्स कंपनीची १२/४ ची स्कीम. हप्ता ३,५००. चार हप्ते काउंटरवरच, म्हणजे १४,००० रोख गेले. कर्ज उरलं २८,००० चं आणि महिने आठ. पाटीवर मात्र ‘१२ महिने, ० टक्के’. फी ७९९, कर धरून ९४३. नुसत्या फीचाच दर वर्षाला नऊ टक्क्यांच्या वर जातो, कारण पैसा बारा महिने तुमच्याकडे नसतोच. आता त्याच दुकानात तोच एसी रोखीने ४०,५०० ला सुटत असेल, तर ते पंधराशेही व्याजच. सगळं धरून दर येतो २५ टक्के. कार्डाच्या त्या फोनवरही रोखीचे पंधराशे सुटत असते तर दर साडेपाचवरून २४ च्या आसपास गेला असता.

म्हणून फायनान्सचं नाव तोंडातून काढायच्या आधी विचारायचं, ‘नगद किती?’ एकदा फायनान्सच्या टेबलावर बसलात की त्या एसीचा नगद भाव गावाला जातो. दुकानदाराला डीबीडी, म्हणजे शून्य टक्क्यापोटी फायनान्स कंपनीला द्यायचा वाटा, भरायचं असतं, ते तो तुमच्या भावातच धरतो.

महाल_मधला

मले एक समजून नाही राह्यलं. बेचाळीस हजाराचा एसी किस्तीवर घेता काहून? कॉटन मार्केटकडून लोखंडी कूलर आना, सहा-आठ हजारात काम होते. न व्याज, न जीएसटीची भानगड.

मनीषनगर_४०४

आला कूलर! उन्हाळ्यातला कोणताही विषय असो, महालवाले कूलरवर आणणारच. फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर कूलर ठेवायचा कुठे? आणि पाणी?

महाल_मधला

खिडकीत ठेवा न बाप्पा. घराच्या आत कूलर ठेवून चिपचिप होते म्हनून रडनारे लय पाह्यले. कूलरले बाहेरची कोरडी हवा लागते आन् समोरची खिडकी बोटभर तरी उघडी लागते, नाही तं ओली हवा आतच फिरते. मे महिन्यात ४५ डिग्रीत खसच्या ताट्या लावा, मंग बोला. कूलरची मोटर २०० वॅट, पंप त्यातच. दहा तास चालवला तरी महिन्याले ६० युनिट. तुमचा दीड टनाचा एसी आठ तासात २४० च्या घरात नेते. महावितरनचा स्लॅब शंभरच्या वर गेला, मंग तीनशेच्या वर गेला, की बिल पाहून गारवा लागते.

मनीषनगर_४०४

आणि जूनच्या मध्यात पाऊस आला की? हवेत ओल असली की ताट्यांवरचं पाणी उडत नाही, मग कूलर म्हणजे ओला पंखा. एसी जुलै-ऑगस्टमध्येही चालतो. शिवाय तुमचा कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी पितो. बोअरचं खारं पाणी असेल तर महिन्याभरात ताट्यांवर पांढरा थर, पंपाची जाळी बंद, एक बाजू कोरडी. त्या कोरड्या बाजूने थेट लू आत येते. दरवर्षी नव्या ताट्यांचा खर्च कोण धरणार?

महाल_मधला

वूडवूलच्या ताट्या दर सालीच बदलाव्या लागते, त्याचा खर्च तुमच्या प्रोसेसिंग फीपेक्षा कमी. खस महाग पन वास पाहा. टाकीतलं पानी आठ दिवसांनी पूर्न सोडून द्याचं, तं थर बसत नाही. तुमी वरून भरतच राह्यता, खार वाढतच जाते.

कलम_आणि_नियम

कूलरवर बोलताच आहात तर एक गोष्ट नीट लिहा. लोखंडी कूलरच्या शॉकने नागपुरात उन्हाळ्यात माणसं दगावतात. तीन पिनचा प्लग आणि खरोखरचं अर्थिंग हवं. भिंतीतलं तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं अनेक घरांत. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. पाणी भरताना स्विच बंद करून पुरत नाही, पिन बाहेर काढा. पंपाची वायर पाण्यात कुरतडली की अख्खा डबा जिवंत होतो.

आता मूळ विषय, कारण वरचे तिघेही नियमांचं नाव काढत नाहीत.

१७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बँकांना स्वच्छ सांगितलं की शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, आणि कार्डाच्या अशा योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या आड लपवून वसूल होतं. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांप्रमाणे ईएमआय करण्याआधी मुद्दल, व्याज आणि सवलत तिन्ही वेगवेगळं दाखवणं बंधनकारक आहे, बिलातही. हिशोबींचा १,३५२ चा आकडा शोधायला गणित लागायलाच नको.

फायनान्स कंपनीच्या कर्जाला १ ऑक्टोबर २०२४ पासून केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक, लागतं. कार्डाच्या थकबाकीला ते लागू नाही, पण १२/४ च्या एसीला आहे. त्यात एपीआर, म्हणजे कर्जाचा वर्षाचा खरा दर, असतो आणि फी, कंपनीमार्फत घेतलेला विमा, सगळं त्यात धरावं लागतं. केएफएसमध्ये नसलेला आकार नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायचं, समजावून सांगायचं आणि सही घ्यायची. मराठीत मागा. सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कर्जात केएफएसवर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. तेव्हा ‘साहेब, ओटीपी सांगा लवकर, स्कीम आज संध्याकाळपर्यंतच’ ही घाई नियमात कुठेच नाही.

बर्डी_काउंटर

ताई, धनत्रयोदशीला काउंटरवर येऊन उभ्या राहा एकदा. मागे पंधरा माणसं, सर्व्हर गोल फिरतोय, लेकरू रडतंय. केएफएस मोबाईलवर पीडीएफने येतं, गिऱ्हाईक बघतही नाही. तीन दिवसांचा विचार कोण करणार, फ्रिज आजच घरी हवा असतो. आणि त्या ‘मराठीत मागा’ला सिस्टीममध्ये भाषेचं बटण सापडेपर्यंत रांग व्हरायटी चौकात जाईल.

कलम_आणि_नियम

म्हणजे नियम आहे, पण दुकानात जागा नाही. छान. आणि ती पीडीएफ न बघता दिलेल्या ओटीपीमध्येच १,९९९ ची वाढीव वॉरंटी आणि ‘मोबाईल सुरक्षा’ बसलेली असते, त्याचं काय? हप्ता ३,५०० चा ३,७५० कसा झाला ते माणूस घरी जाऊन मोजतो. न मागितलेली गोष्ट बिलात सरकवणं हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मनाई केलेल्या १३ ‘डार्क पॅटर्न’पैकी, म्हणजे गिऱ्हाईकाला चकवणाऱ्या युक्त्यांपैकी, एक आहे. हे ऑनलाइन विक्रीसाठी आहे म्हणाल, ठीक. दुकानात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीची फी शून्य.

बर्डी_काउंटर

वॉरंटीवर कमिशन मिळतं, खोटं बोलत नाही. टार्गेट असतं. पण ‘नको’ म्हणणाऱ्याला आम्ही बांधून ठेवत नाही. एवढंच करा : ओटीपी सांगायच्या आधी स्क्रीनवरची कर्जाची रक्कम आणि बिलातली वस्तूची किंमत वजा आगाऊ हप्ते, हे दोन आकडे जुळवा. २८,००० यायला हवेत आणि २९,९९९ दिसत असतील तर तिथेच थांबवा. आमचा पोरगा काढून देतो, तोंड वाकडं करून का होईना. झालं समाधान?

हिशोबी_धरमपेठ

झालं. दुकानाच्या आतून आलेलं हे पहिलं कामाचं वाक्य.

तर्री_पोहा

बरं बाबा, ‘फुकट’ शब्द मागे घेतो. ‘जवळजवळ फुकट’ लिहितो. साळ्याचं स्टेटमेंट मागवलं, २११ रुपये जीएसटीचे निघाले. खूश? पण हप्ता बाउन्स वगैरेची भीती घालू नका आता, ज्याच्या खात्यात पैसे नाहीत त्याने घ्यावंच कशाला.

कलम_आणि_नियम

भीती नाही, तारीख. पगार सातला आणि नॅच, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापणं, पाचला, असं मॅन्डेट, म्हणजे बँकेला तशी परवानगी, भरून दिलं की खात्यात दोनशे रुपये कमी पडले तरी परत जातं. मग फायनान्स कंपनीचा आकार वेगळा, तुमच्या बँकेचा वेगळा, दोन्हींवर जीएसटी. काही दिवसांनी पुन्हा सादर केलं आणि पुन्हा परत गेलं तर बँक पुन्हा लावते. २०२४ पासून नव्या कर्जांत दंड व्याजात मिसळून त्यावर व्याज लावता येत नाही, पण बाउन्सचा आकार राहतोच. फॉर्म भरतानाच हप्त्याची तारीख पगारानंतरची मागा.

शेवटचा हप्ता गेला की एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, मागा आणि बँकेच्या ॲपमध्ये ई-मॅन्डेटच्या यादीत जाऊन ते मॅन्डेट बंद करा. बऱ्याच वेळा मॅन्डेटची कमाल रक्कम हप्त्यापेक्षा मोठी आणि मुदत कर्जापेक्षा लांब असते. पुढची खरेदी त्याच मॅन्डेटवर बसवता यावी म्हणून. फायनान्स कंपनीच्या ईएमआय कार्डाची वार्षिक फीसुद्धा त्याच वाटेने जाते. महिन्या-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून कर्ज ‘बंद’ दिसतंय का बघा. कंपनीने ३० दिवसांत तक्रारीचं उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, चौकशीला १४४४८.

मनीषनगर_४०४

हे मॅन्डेटचं माहीत नव्हतं. यादी उघडली तर तीन जुनी मॅन्डेट जिवंत, त्यातलं एक मिक्सरचं.

महाल_मधला

मिक्सर किस्तीवर! धन्य हाय. बरं ते जाऊ द्या, खसच्या ताट्या सध्या कोनत्या भावानं भेटून राह्यल्या, कोनी सांगन का?