वरच्या अंगाला प्लॉट पडले, खालचं रान चिबडतंय

प्रश्न
शहर बांधापर्यंत आलंय. वरच्या अंगाला 2 हेक्टरवर भराव टाकून प्लॉट पाडले, काँक्रीटचे रस्ते झाले. जमीन भारी (काळी, चिकण), उतार एक टक्का. त्यांचं पाणी रानात घुसून दोन-दोन दिवस तुंबतं, सोयाबीन पिवळं पडतं. उलट रस्त्याकडेच्या चार-पाच ओळी काढणीला हिरव्यागार. चर केवढा काढावा?

प्रतिसाद १
50 मिमी पावसात 2 हेक्टरवर 1000 घनमीटर पाणी पडतं. शेत होतं तेव्हा त्यातलं 300 च्या आसपास वाहून यायचं. छप्पर आणि काँक्रीट 90 टक्के सोडून देतात, म्हणजे निम्मी जागा झाकली तरी आकडा 600 वर जातो (झाकलेल्यातून 450, उरलेल्यातून 150). तेवढा पाऊस तासाभरात झाला, तर सेकंदाला अंदाजे 170 लिटर. त्यासाठी तळाची रुंदी 40 सेंमी, खोली 60 सेंमी, माथ्याची रुंदी 160 सेंमी असा चर पुरेल. उतार 100 मीटरला 30 सेंमी. बाजू उभ्या ठेवू नका, भारी जमीन पहिल्याच पावसात ढासळते. निघालेली माती खालच्या काठाला टाका. वरच्या काठाला टाकली तर पाणी चरात उतरणारच नाही.

प्रतिसाद २
चर सोडणार कुठे, ते आधी ठरवा. शेजाऱ्याच्या रानात सोडलात तर भांडण विकत घ्याल. जुना ओघळ भरावाखाली बुजवला असेल, तर जुन्या नकाशावर शोधा आणि लेआउटवाल्याकडून मोकळा करून घ्या, खरी दुरुस्ती तीच. रस्ता ओलांडायला 300 मिमीचा पाइप अपुरा पडतो, वर प्लास्टिकनं तुंबतो. 450 चा घ्या, तोंडाला जाळी आणि अलीकडे गाळाचा खड्डा.

प्रतिसाद ३
हिरव्या ओळींचा पाण्याशी संबंध नसावा. सोयाबीनला फुलोऱ्यासाठी लांब रात्र लागते. रस्त्याच्या दिव्यांमुळे ती मिळत नाही आणि पीक वेळेवर पक्व होत नाही. दिव्याला रानाच्या बाजूनं पत्र्याची आड लावून मागा, नाहीतर त्या पट्ट्यात चारा घ्या. पिवळेपणा मात्र पाण्याचाच: मुळांना हवा नाही, मुळांवरच्या नत्र देणाऱ्या गाठींचं काम बंद. वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा ओल ओसरेपर्यंत, ट्रॅक्टर घालू नका, खाली कडक थर बसतो.

आणखी एक बघा. पाऊस नसतानाही गटारीतून पाणी येतंय का? येत असेल तर ते सांडपाणी. साबणातल्या सोडियमनं भारी माती आणखी घट्ट होते. माती-पाणी तपासल्याशिवाय ते पिकाला देऊ नका.