जोडी दिसली म्हणजे जोडी असतेच असं नाही

असं म्हटलं जातं की मूत्रपिंडातला सोडियम-पोटॅशियम पंप (पेशीच्या पटलात, म्हणजे आवरणात, बसून आयन म्हणजे भारित अणू वाहून नेणारं प्रथिन) दोन-दोनच्या जोडीनेच काम करतो, कारण क्रॉसलिंकिंगनंतर, म्हणजे जवळजवळचे भाग रसायनाने एकमेकांना जोडल्यावर, जेलवर (यात प्रथिनं वजनानुसार वेगळी होतात) पंपाच्या अल्फा या भागाच्या दुप्पट वजनाचा पट्टा दिसतो. इथे जरा थांबूया.

एका पंपात अल्फा आणि बीटा हे दोन उपघटक असतातच. मूत्रपिंडात बहुधा छोटा गॅमाही सोबत असतो. अल्फा पटलातून दहा वेळा आरपार जातो आणि एटीपी या पेशीच्या इंधनाच्या एका रेणूमागे 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत, हे खरं कामही तोच करतो. पण बीटा भेटला नाही, तर अल्फा पेशीत तयार होतो तिथेच अडकतो आणि मोडीत निघतो. ही जोडी पक्की, त्यावर वाद नाही.

वाद आहे तो अशा दोन जोड्या एकत्र येतात का, यावर. मूत्रपिंडाच्या शुद्ध केलेल्या पटलात पंप इतके खचाखच भरलेले असतात की तांबं-फेनँथ्रोलीन हे क्रॉसलिंकिंगचं रसायन घातलं की नुसते शेजारी असलेले दोन अल्फाही गंधकाच्या बंधाने चिकटतात. गर्दीच्या लोकलमध्ये खांद्याला खांदा लागला म्हणून कोणी नातेवाईक ठरत नाही! शिवाय योग्य डिटर्जंटने पटल विरघळवलं तर सुटा अल्फा-बीटाही एटीपी फोडतो. 2007 साली डुकराच्या मूत्रपिंडातल्या पंपाची स्फटिकरचना (स्फटिकावरून काढलेली अणूंची मांडणी) आली, तिच्यातही एकेका अल्फा-बीटा-गॅमात आयनांच्या जागा पूर्ण दिसतात.

म्हणून माझं मत: पटलात जोड्या जमत असतील, पण पंप चालायला त्या लागतातच असं या पट्ट्यावरून ठरत नाही.