इम्पेटस आणि मोमेंटममधला फरक

'इम्पेटस' आणि 'मोमेंटम' हे इंग्रजी शब्द एकाच अर्थाचे म्हणून एकाच मापाने मोजले जातात, ते काही पटत नाही. बंद पडलेल्या गाडीला पहिला धक्का देतो तो इम्पेटस. गाडी सुटल्यावर अंगात भरतो तो मोमेंटम. म्हणून इंग्रजीत कुठलीतरी घटना कायद्याला इम्पेटस 'देते', आणि चळवळ मोमेंटम 'पकडते'. इम्पेटससोबत 'गिव्ह' किंवा 'प्रोव्हाइड' हीच क्रियापदं जास्त शोभतात. 'गेन इम्पेटस' चालतं, तिथे मात्र दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात.

अर्थात, हा घोळ आजचा नाही. फेकलेला दगड हातातून सुटल्यावरही पुढे का जातो? अ‍ॅरिस्टॉटलच्या मते हवा त्याला ढकलते. 14व्या शतकात पॅरिसच्या बुरिदाँ या तत्त्वज्ञाने हे खोडून काढलं: भोवरा जागच्या जागी फिरतो, त्याला मागून हवा कुठून ढकलणार? फेकणारा वस्तूतच 'इम्पेटस' घालतो, आणि वस्तुमान व वेग जास्त तितका तो जास्त, असं त्याचं म्हणणं. म्हणजे आजच्या संवेगाच्या, भौतिकशास्त्रातल्या मोमेंटमच्या, जवळपासच की!

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ तुटून पडणे, हल्ला करणे. 'इम्पेट्युअस', म्हणजे उतावळा, हा त्याच घरातला.

मराठीत 'इम्पेटस'साठी 'प्रेरणा' सुचवता येईल, पण ती माणसाला मिळते. उद्योगाला, संशोधनाला, वाटाघाटींना 'चालना'च मिळते. मागून दबाव असेल तर 'रेटा' जास्त ठसठशीत.