मदत हवी आहे: मधल्या फाइलसाठी जेसन की एक्सएमएल?

मंडळी, जळगावहून विचारतोय. रावेर-यावलकडच्या केळी बागायतदारांसाठी ठिबकची माहितीपुस्तिका मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून लिहायची पद्धत) आहे. तिच्यातून वेबपान आणि छापायची पीडीएफ काढायची. मार्कडाउन वाचणारा भाग माझा, पायथनमध्ये. पीडीएफचा भाग मित्र जावात लिहितोय. त्यामुळे मधली फाइल दोघांनाही वाचता यायला हवी. पायथनचं पिकल (फक्त पायथनसाठीचं साठवणीचं स्वरूप) तिथेच बाद.

जेसन (कंसांत नावं आणि याद्या मांडायचं स्वरूप) करून पाहिलं. आधी मराठी अक्षरांऐवजी नुसते युनिकोडचे आकडेच उमटले, पण पायथनचं एन्स्युअर-आस्की हे सेटिंग बंद केल्यावर ते सुटलं. खरी कटकट वाक्यात मध्येच ठळक शब्द आला की होते. ‘व्हॉल्व्ह **हळू** उघडा’ एवढ्यासाठी तीन तुकड्यांची यादी! एक्सएमएलमध्ये (मजकुराभोवती टॅग लावायचं स्वरूप) हे सरळ बसतं, शिवाय जावात ते वाचायची सोय आतच आहे, जेसनला बाहेरची लायब्ररी लागते. पण त्या टॅगांच्या जंगलात मला जायचं नाहीये. यामल (ओळींच्या इंडेंटेशनवर चालणारं स्वरूप) सुचवू नका, इंडेंटेशनने आधीच जीव खाल्लाय.

फाइल हाताने कोणी लिहिणार नाही, पण गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) बदल वाचता यायला हवा. खताच्या मात्रेचे चौकोनही वेगळे ओळखायचेत. पॅनडॉकचं (मजकूर एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणारं साधन) तयार जेसन घेऊन त्या चौकोनांना क्लास (ओळखीचं नाव) दिला, तर पॅनडॉकची आवृत्ती बदलल्यावर मित्राचा कोड मोडेल का? की स्वतःचा छोटा एक्सएमएल स्कीमा (टॅगांच्या रचनेचे नियम) बांधलेलाच बरा?