'सुगंधविरहित' एवढं बघून भागत नाही

पॅच टेस्टमध्ये (त्वचेवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या लावून करायच्या अ‍ॅलर्जी-तपासणीत) मिथाइलआयसोथायाझोलिनोनची अ‍ॅलर्जी निघाली, म्हणून सुगंधविरहित शाम्पू आणला, तरी मानेवरचं पुरळ जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. साहजिक आहे. हा पदार्थ सुगंधासाठी नसतोच, तो प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे उत्पादन खराब होऊ नये म्हणून घातलेला पदार्थ आहे. त्यामुळे 'नैसर्गिक', 'हायपोअलर्जेनिक' (अ‍ॅलर्जीची शक्यता कमी) वगैरे दर्शनी शब्दांवर कृपया विसंबू नका. मागची बारीक अक्षरातली यादीच वाचा, आणि तीही शेवटाकडून. प्रमाण अगदी कमी असल्याने हे नाव सहसा तळाशीच सापडतं. मिथाइलक्लोरोआयसोथायाझोलिनोन दिसलं तरी बाटली परत ठेवा. दोन्ही बऱ्याचदा जोडीनेच वापरतात.

युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर तशाच राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोन बंद केलं. धुऊन टाकायच्या शाम्पू-साबणात मात्र थोडं चालतं. म्हणून शाम्पूवरचा तुमचा संशय रास्त वाटतो.

शाम्पू बदलूनही फरक पडला नाही तर हात धुवायचं लिक्विड, कपड्यांचं डिटर्जंट, ओले वाइप्स बघा. भिंतींना देतात त्या, पाण्यात कालवायच्या रंगातही ते असतं, आणि ताज्या रंगाच्या खोलीत नुसत्या हवेनेही चेहरा सुजू शकतो. नेहमीच्याच ब्रँडची नवी बाटली आणलीत तरी यादी पुन्हा वाचा, घटक न सांगता बदलतात.