मदत हवी आहे: आजेसासूबाईंची चिंचपेटी आणि नथ. मोती खरे कसे ओळखू आणि साफ कसे करू?

सोनचाफा

नमस्कार. लेकीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तिला माझ्या आजेसासूबाईंची चिंचपेटी आणि नथ घालायची आहे, म्हणून गेल्या आठवड्यात दोन्ही लॉकरमधून बाहेर काढली. सासूबाई होत्या तोवर दर दसऱ्याला त्या हे दागिने काढून मलमलीच्या फडक्याने पुसायच्या, संध्याकाळभर घालायच्या आणि परत ठेवायच्या. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी दागिने कापसात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले आणि नंतर हातच लावला नाही. याचं आता फार वाईट वाटतंय.

चिंचपेटीचा दोरा काळा पडलाय, दोन ठिकाणी तुटायला आलाय. बहुतेक मोती सायीच्या रंगाचे, आकाराने थोडे कमीजास्त आहेत. पण उजव्या बाजूच्या दोन पेट्यांमधले काही मोती पांढरेशुभ्र आणि अगदी एकसारखे गोल आहेत, आणि त्यातल्या तिघांचं साल निघतंय. नथीत सात मोती आणि मधे लाल खडा. नथीचे मोती पिवळसर झालेत, पण खिडकीपाशी धरले की आतून उजेड आल्यासारखे दिसतात.

एका सराफाकडे नेलं. त्यांनी साल गेलेला मोती बघितला आणि दोन मिनिटांत सांगितलं, सगळे खोटे आहेत, सोनं मोडीत घाला, त्यात नवीन करून देतो. सासूबाई तर कायम म्हणायच्या, "हे बसऱ्याचे आहेत, सांभाळ." आजेसासूबाईंचं लग्न १९१८ सालचं, दागिने तेव्हाचेच.

मला मोडायचे नाहीत. घरच्या घरी, मोत्यांना इजा न करता काही कळेल का? दाताला घासून बघतात असं ऐकलं होतं, म्हणून एक सायीच्या रंगाचा आणि एक पांढरा मोती घासून बघितला. पहिला बारीक वाळूसारखा लागला, दुसरा काचेसारखा गुळगुळीत. बहीण म्हणतेय लिंबाच्या पाण्यात टाक, खरं-खोटं लगेच कळेल. ते करण्याआधी इथे विचारतेय.

भिंग_दहा

ताई, लिंबाचं पाणी अजिबात नको. व्हिनेगर नको, लायटरची ज्योत नको, तापवलेली सुईही नको. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आंबट लागलं की खरा मोतीच आधी खराब होतो. या परीक्षेत खरा ठरलेला मोती परीक्षेनंतर पहिल्यासारखा राहत नाही.

मी रत्नशास्त्राचा कोर्स केलाय, त्यावरून सांगतो. तुमच्या दाताने बरोबर सांगितलंय. शिंपल्यातल्या मोत्यावर अतिशय पातळ चकत्यांचे थर असतात, म्हणून तो दाताला किंचित खरखरीत लागतो. नकली मोती म्हणजे काचेचा किंवा प्लास्टिकचा मणी आणि त्यावर चकाकीचा लेप. तो गुळगुळीत लागतो आणि जुना झाला की त्याचं साल निघतं. त्यामुळे तुमची चिंचपेटी मिश्र आहे असा माझा अंदाज. एक साल गेलेला मोती बघून सगळ्या दागिन्याचा निकाल लावणं मला पटलेलं नाही.

"गार लागतो, जड लागतो म्हणजे खरा" यावर मात्र विसंबू नका. काचही गार लागते आणि वजनालाही मोत्याच्या जवळपासच असते. त्याने फक्त प्लास्टिक ओळखू येतं.

भोक बघा. दहापट भिंग घ्या, मोबाईलचा मॅक्रो कॅमेराही चालेल. लेपाच्या मोत्यात भोकाच्या कडेला रंग उडाल्यासारखे टवके दिसतात, आत काच चमकते. खऱ्याची कड स्वच्छ असते. भोकाचा आकारही बघा. पूर्वी मोती वजनावर विकला जायचा, आणि किंमत वजनाच्या वर्गाच्या (वजन गुणिले वजन) हिशेबाने चढायची. म्हणून भोक पाडणारा जेमतेम दोरा जाईल एवढंच बारीक भोक पाडायचा. एवढंसं वजन घटलं तरी भाव पडायचा.

पण दात आणि भिंग यांनी खरा की नकली एवढंच कळतं. नैसर्गिक की कल्चर, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला, हे नाही. कल्चर मोतीही शिंपल्यातच वाढतो, दाताला तसाच खरखरीत लागतो. फरक पोटात असतो. समुद्रातल्या गोल कल्चर मोत्यात शिंपल्याचाच मणी घालून वर थर चढवून घेतलेले असतात. ते एक्स-रेमध्येच नीट दिसतं. असे गोल मोती बाजारात आले ते १९२० च्या सुमारास, जपानमधून. तिथले मोती-उत्पादक मिकिमोतो यांचा १८९३ चा पहिला यशस्वी कल्चर मोती अर्धगोल होता. १९१८ चा दागिना आणि त्यातला मूळचाच मोती असेल, तर कल्चरचा प्रश्नच येत नाही. मात्र तो मूळचाच आहे ना, हे बघावं लागेल.

सोनचाफा

खूप आभार. भावाकडून भिंग आणलं आणि आज दुपारभर तेच केलं. चिंचपेटीत एकूण ११२ मोती आहेत. त्यातल्या ९७ ची भोकं इतकी बारीक की दोऱ्याने पूर्ण भरलेली दिसतात. उरलेल्या १५ ची भोकं मोठी, कडेला टवके. ते सगळे त्या उजव्या दोन पेट्यांतलेच. सायीच्या रंगाच्या मोत्यांवर भिंगातून बोटाच्या ठशासारख्या बारीक रेघा दिसल्या. ते बघून डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

आता पुढचं. हे धुवायचे कसे? रिठ्याच्या पाण्यात भिजवू का? आणि पिवळेपणा जाईल का?

रेशीमगाठ

सोनचाफाताई, भिजवू नका! माझे बाबा पटवेकरी होते, चाळीस वर्षं दागिने गाठवले. चिंचपेटीचे खडे कोंदणात बसवलेले असतात आणि जुन्या कामात खड्याखाली चमकीचा पातळ पत्रा असतो. पाणी आत शिरलं की तो काळा पडतो आणि खडा कायमचा मंद दिसतो. पोकळ सोन्यात लाखही भरलेली असते. शिवाय दोरा भिजला की सैल पडतो, मळ भोकात ओढून घेतो. अल्ट्रासोनिक मशीनमध्ये तर कुणालाही घालू देऊ नका.

सुती फडकं साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि एकेक मोती पुसा. मग कोरड्या फडक्याने. बस्स. टूथपेस्ट नको, सोडा नको, ब्रशही नको. मोती फार मऊ असतो, चरे पडतात. रिठा वापरायचाच तर गाठवणारा मोती सुटे करेल तेव्हा त्याच्यासमोर, अगदी पातळ पाण्यात आणि लगेच पुसून. पिवळेपणा वयाचा असतो, तो घरी जाणार नाही. वरचा मळ निघाला की मोत्याचं पाणी, म्हणजे तेज, मात्र परत दिसायला लागतं.

ते १५ मोती का आले असतील तेही सांगते. दोरा तुटतो, मोती घरंगळतात, काही सापडत नाहीत, आणि लग्न चार दिवसांवर असतं. मग मिळतील ते मणी घालून पेटी पुरी करतात. बाबांकडे अशा कितीतरी चिंचपेट्या यायच्या. त्यात कुणी कुणाला फसवलेलं असतंच असं नाही.

गाठवायला टाकून येऊ नका. समोर बसा. आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मोती मोजून कागदावर लिहा. रेशमाचाच दोरा घ्यायला सांगा. ओवताना सुई बळेच घातली तर बारीक भोकाची कड उडते, म्हणून जुन्या बारीक भोकांचं काम केलेला माणूसच हवा. पुण्यात तुळशीबागेत, रविवार पेठेत सोनारांच्या गल्ल्यांमध्ये विचारा.

मनामाकर

मी बहरीनमध्ये राहतो, म्हणून बसऱ्याबद्दल थोडं. हे मोती बसरा गावात निघत नसत. ते इराणच्या आखातातले, आणि बहरीनच्या आसपासचे शिंपल्यांचे तळ त्यात सर्वांत नावाजलेले. बसरा हे व्यापाराचं बंदर, म्हणून आपल्याकडे ते नाव चिकटलं. आखातातला फार मोठा माल मुंबईत यायचा. तिथे मोती निवडले जायचे, भोकं पाडली जायची, सर ओवले जायचे. १९३० नंतर मंदी आणि जपानी कल्चर मोती यांनी तो धंदा बुडवला. इथे मुहर्रकमध्ये मोतीवाल्यांची जुनी घरं जपली आहेत, २०१२ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. तुमच्या दागिन्यांचं साल बघता सासूबाईंचं म्हणणं अगदी शक्य कोटीतलं आहे.

भिंग_दहा

नथीचं मात्र पक्कं करून घ्या. मुंबईत जीआयए या रत्नं तपासणाऱ्या संस्थेची प्रयोगशाळा आहे, तिथे एक्स-रेने मोती तपासून अहवाल देतात. मोडायची गरज नाही. निघण्याआधी फोन करून शुल्क आणि दिवस विचारा.

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. नथ तपासायला दिली आहे, अहवाल आला की इथे लिहीनच. ती नैसर्गिक निघो वा न निघो, लेक तीच घालणार आहे.

एकच उरलं. त्या १५ च्या जागी काय घालू? आणि लग्नाच्या दिवशी काय काळजी घ्यायची?

रेशीमगाठ

गोड्या पाण्यातले बारीक कल्चर मोती घाला, हैदराबादच्या व्यापाऱ्यांकडून येतात ते. चीनचा माल असतो, पण मोती खराच. रंग दिवसाउजेडी दारात उभं राहून जुळवा, दुकानातल्या दिव्याखाली नाही. पांढरेशुभ्र घेऊ नका, साईकडे झुकणारे मागा. काढलेले १५ पुडीत बांधून, वर लिहून, दागिन्यांसोबतच ठेवा.

लग्नात हळदीला ही चिंचपेटी नको, डाग जात नाही. मेकअप, केसांचा स्प्रे, अत्तर सगळं झाल्यावर शेवटी दागिने, आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी ते काढायचे. मानेचा घाम पुसून मगच डब्यात. कापूस आणि प्लास्टिक दोन्ही बंद, मलमलीत गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवा, सोन्याच्या बांगड्यांशी घासू देऊ नका. आणि सासूबाईंचा दसरा परत सुरू करा.

सोनचाफा

हो, नक्की. रविवार पेठेत एक वयस्कर पटवेकरी सापडलेत, मंगळवारी दुपारी त्यांच्यासमोर बसणार आहे. लेक पण येतेय, मोती मोजायला.