साडीपेक्षा व्याकरण

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हा सिनेमा नुसत्या साडी नेसलेल्या पुरुषांवर चालतो, हे मत मला पटत नाही. साडी फक्त अडचण उभी करते. हशा येतो तो भाषेतून. साडी नेसलेल्या पुरुषाची बायको म्हणून ओळख करून देतानाचं 'हा माझा बायको पार्वती' हेच घ्या. मराठीत 'ही' आणि 'माझी' दोन्ही नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतात, म्हणून सिद्धार्थ रे एका दमात दोनदा घसरतात आणि 'बायको' मात्र जागच्या जागी राहते. इंग्रजी सबटायटलमध्ये याचं पार भुस्कट होतं, कारण तिथे 'माझा' आणि 'माझी'ला एकच शब्द. ज्यावरून हा सिनेमा बेतला तो मूळ 'बीवी और मकान' (१९६६) हिंदीत. तिथे 'मेरा बीवी' म्हटलं तर लिंगाचा घोटाळा नाही, बंबइया हिंदी वाटेल! 'बनवाबनवी'चे संवाद वसंत सबनीसांचे, तमाशाच्या वगात मुरलेला माणूस.